निशाणी शिलाई मशीन

निवडणुकीत पडलेल्या उमेदवाराला दार लावून रडता तरी येतं. पडलेल्या निशाणीने काय करावं? मी ती निशाणी. तेल्हाऱ्याच्या एका वस्तीत, आशाबाईच्या घरी, रस्त्याकडच्या खिडकीशी बसलेली काळी शिलाई मशीन. महिनाभर माझ्या नावाचा जयघोष झाला, माझे फोटो चौकाचौकात लागले. आता तेच फ्लेक्स अंगणात उलटे पसरून बायांनी त्यांवर तुरी वाळत घातल्या आहेत.

माझ्या डोक्यावर कुंकवाचा एक डाग आहे, पाच बोटांचा. कितीही पुसलं तरी तो जात नाही, आणि मला तो आता डोळ्यांसमोर नको झालाय. म्हणून एकदा सगळं बोलून टाकते. तशीही मी गप्प बसणाऱ्यांतली नाही. पायडल हललं की माझं तोंड सुरू!

माझा जन्म लुधियान्याचा. ओतीव लोखंडाचं अंग, त्यावर काळा रंग आणि रंगावर सोनेरी वेल. तिथून मी अकोल्याच्या एका दुकानात आले आणि काचेआड धूळ खात उभी राहिले. एक दिवस बार्शीटाकळीचे भगवंतराव आले. मुलीच्या लग्नाचं आंदण घ्यायचं होतं. दुकानदार त्यांना कपाट दाखवत होता. त्यांनी सहज माझं चाक फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "कपाट तं रिकामंही राह्यते बापा. हे रिकामी बसत नाई. हेच द्या." त्या एका वाक्यावर मी आजवर खूश आहे. त्यांची मुलगी म्हणजे माझी आशाबाई. तिच्यासोबत मीही सासरी आले.

आशाबाईचा नवरा गोवर्धन मालवाहू ऑटो चालवतो. माणूस तापट, पण मनाने साफ. आशाबाई ब्लाऊज शिवायला लागली आणि बघता बघता वस्तीतल्या सगळ्या बाया तिच्याकडे येऊ लागल्या. बायका घरात जे बोलत नाहीत ते टेलरबाईपाशी बोलतात, हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. सासू, सून, नणंद, तिघी तीन वेळा येऊन एकमेकींच्या कागाळ्या सांगून जायच्या. आशाबाई तोंडात टाचण्या धरून ऐकायची. टाचण्या असल्या की उत्तर द्यावं लागत नाही.

यांत एक बाई मात्र नुसती यायची नाही, बसायची. शेजारची जाईबाई. दोघींच्या घरांची भिंत एक. दुपारची भाकर झाली की ती येऊन माझ्या बाजूच्या स्टुलावर बसायची आणि शिवून झालेल्या ब्लाऊजांना हूक लावायची. म्हणजे वस्तीतल्या प्रत्येक ब्लाऊजला मागून माझा टाका आणि पुढून जाईबाईचा हूक. तिच्या मुलीच्या लग्नात तिने घातलेलं मोरपंखी ब्लाऊज मीच शिवलं. ते पूर्ण होईपर्यंत आशाबाई दुसरं कोणाचंच काम हाती घेईना. असं ते मैत्र होतं.

आता पाण्याची गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. आमचा हा खारपाण पट्टा. जमीन काळीभोर, कापूस झकास, पण बोअरचं पाणी तोंडात घेतलं की तोंड वाकडं होतं. त्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. पिण्याचं पाणी नळाचं, आणि नळ आमच्या वस्तीत आला तर आठवड्याने, नाही तर त्याची मर्जी. मागच्या उन्हाळ्यात आशाबाईने बायांना गोळा केलं, रिकामे गुंड, म्हणजे पाण्याच्या घागरी, घेऊन सगळ्या नगरपरिषदेत गेल्या आणि तिथल्या फरशीवर गुंड आपटत बसल्या. साहेब बाहेर आले. आशाबाई एकटी बोलली. महिना दोन महिने नळ वेळेवर आला. मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, मला सुट्टी असते. त्या दिवशी अवजारांची पूजा. आशाबाईने मला तेलपाणी केलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. प्रसादाला बाया जमल्या. निवडणूक तोंडावर आलेली आणि आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झालेला. वयस्कर चतुराबाईनेच विषय काढला.

"आशाबाई, यंदा तूच उभी राय. पाण्यासाठी कोन बोलते आपल्यातून? तूच ना?"

"मी कायची उभी रायतो?" आशाबाई हसली. "मले शिवाले काय कमी हाय?"

"आमी हावो ना!" सगळ्या एका सुरात म्हणाल्या.

हरभऱ्याच्या झाडावर चढवायला आमच्याकडच्या बायांना वेळ लागत नाही. आशाबाई तरी चढली नव्हती. मग जाईबाई उठली. तिने कुंकवाच्या करंड्यात हात घातला, लालभडक पंजा माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, "या मशीनीवर हात ठेवून सांगतो आशा. सारी वस्ती फिरली तरी माह्यं मत तुह्यं हाय. तुह्याशिवाय दुसरं बटन दाबलं तं हा हात झडून जाईन."

आशाबाईचे डोळे भरून आले. मलाही भरून आलं, आता लपवून काय करू? आजवर माझ्यावर कात्र्या, चहाचे कप, उधळलेले दोरे सगळं ठेवलं गेलं होतं, पण कोणी शपथ ठेवली नव्हती. मी ती जपली.

आशाबाईने अपक्ष म्हणून अर्ज भरला आणि निशाणी मागितली ती मी. सरकारी कागदावर माझं नाव ‘शिवणयंत्र’ असं आलं तेव्हा मला शाळेत कोणी पूर्ण नावाने हाक मारल्यासारखं वाटलं. गोवर्धनने मला पायांसकट उचलून ऑटोत बांधलं, वर भोंगा लावला आणि आमची स्वारी निघाली. जाईबाई माझ्याशेजारी बसून माईकवर ओरडायची, "नळाले पाणी, मशीन निशाणी!" आणि बाया दारातून हात वर करून हवेत गोल फिरवायच्या, माझं चाक फिरवल्यासारखा. ती आमची खूण झाली होती. लहानथोर कोणीही आशाबाईला पाहिलं की हवेत चाक फिरवायचं.

सकाळी बाया कापूस वेचायला जायच्या, म्हणून आशाबाई उजाडायच्या आत त्यांच्या दारात उभी असायची आणि संध्याकाळी त्या परतल्या की पुन्हा. त्या दिवसांत मी माणसं पाहिली. कोणी रामराम घालायचं, कोणी जय भीम, आणि सगळेच म्हणायचे, "काळजी नका करू." ज्यांनी कधी माझ्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं ते माझ्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढायचे. शिवणकाम मात्र बंद पडलं. माझ्या बॉबिनमध्ये अर्धवट दोरा तसाच राहिला. मी म्हटलं, राहू दे, मोठ्या कामाला लागलोय आपण.

समोर उमेदवार होती पायल, पंजाबरावांची सून. खरं तर उमेदवार पंजाबरावच. आजवर तेच नगरसेवक होते, वॉर्ड राखीव झाला म्हणून सुनेला उभं केलं. फ्लेक्सवर पंजाबरावांचा फोटो केवढा मोठा, आणि कोपऱ्यात हात जोडलेली पायल. ती पोरगी सभेतही बोलायची नाही. बोलायचं काम सासऱ्यांचं.

एक दिवस पंजाबराव स्वतः आमच्या दारी आले. आशाबाईने पाणी दिलं, तेही नळाचं, जपून ठेवलेलं.

"आशाबाई, तुमी मले लेकीसारख्या," ते म्हणाले. "लढा बिनधास्त. लोकशाही हाय."

जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं, चाकावरून बोट फिरवलं आणि हसले. "मशीन चांगली हाय. चालू ठेवजा तिले. लय काम येईन आता."

गोगलगाय आणि पोटात पाय! पण मला तेव्हा ते बोलणं कौतुकाचं वाटलं. माझ्या लोखंडी डोक्यात त्यापलीकडे काही शिरलं नाही.

प्रचार संपला त्या संध्याकाळी आमच्या दारात कोणी फिरकलं नाही. आशाबाई म्हणाली, दमल्या असतील बाया. मतदानाच्या दिवशी ती शाळेपासून दूर, नियमाप्रमाणे शंभर मीटरच्या रेघेबाहेर उभी राहिली, आणि ऑटोतून उतरवलेली मी पुन्हा घरात, खिडकीतून रस्ता पाहत होते. मत देऊन परतणारी एक एक बाई शाई लावलेल्या बोटाचा हात उंच करायची आणि हवेत चाक फिरवायची. चतुराबाईने फिरवलं. शेवटच्या गल्लीतल्या नव्या सुनेने, रूपालीने फिरवलं. जाईबाईने तर दोन्ही हातांनी फिरवलं. मी मनात म्हटलं, जिंकलो.

मतमोजणीत आशाबाईचं डिपॉझिट जप्त झालं.

गुलालाची मिरवणूक आमच्या दारापुढे मुद्दाम थांबली. डीजेच्या दणक्याने माझ्या खणातल्या सुया थरथरल्या. आशाबाई दारात उभी राहिली. तिने पायलच्या कपाळाला कुंकू लावलं, कारण दारात आलेल्या बाईला कुंकू लावल्याशिवाय पाठवायचं नाही असं तिच्या आईने शिकवलं होतं. मग आत येऊन माझ्यावर एक जुनं लुगडं टाकलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

जाईबाई तिच्याशेजारी बसून रडली. "मतदानाच्या मशीनीतच घोटाळा असंन व आशा. नाई तं असं कसं होईन?"

लुगड्याखाली मला फार राग आला. माणसांची ही एक खोडच आहे. स्वतःचं काही निस्तरता आलं नाही की यंत्रावर ढकलायचं. मी आजवर एकही टाका जाणूनबुजून चुकवलेला नाही.

कित्येक दिवस ते लुगडं माझ्यावरून निघालं नाही. आशाबाई स्वयंपाक करायची आणि बसून राहायची. तिला एकच प्रश्न खात होता, तो ती भिंतीला विचारायची. "मंग मतं दिली कोनं नाई? सगळ्याईनं तं चाक फिरवलं."

उत्तर चतुराबाई घेऊन आली. कापडी पिशवीतून एक ब्लाऊजपीस काढत म्हणाली, "लेकानं साडी धाडली नांदुऱ्याहून. संक्रांतीच्या पहिले शिवून देजो." आशाबाईने लुगडं काढलं, माझ्यावरची धूळ झटकली, तेल सोडलं. काम आलं की दुःख थोडं बाजूला सरतं, हे तिच्या बापाने मला घेताना ओळखलं होतं. पीस डाळिंबी रंगाचा होता आणि त्यावर पिवळ्या कोयऱ्या.

दुसऱ्या दिवशी एक जण आली. तिला साडी मामेसासूने दिली होती. डाळिंबी, पिवळ्या कोयऱ्या. तिसरीला लग्नाच्या आहेरात आली होती. डाळिंबी, पिवळ्या कोयऱ्या. कोणाची बहीण अमरावतीची, कोणाचा भाऊ भातकुलीचा, आणि साऱ्या विदर्भातल्या नातेवाइकांना यंदा एकच रंग आवडलेला! साडी घेताना एकीच्याही डोक्यात आलं नाही की साडीसोबत ब्लाऊजपीस असतो, आणि वस्तीत ब्लाऊज शिवणारी बाई एकच आहे.

रूपाली नवी, भोळी. ती बोलून गेली, "काकू, लवकर देजा. पायलताईच्या हळदीकुंकवाले सगळ्याइले हेच साडी नेसून बलावलं हाय." आणि जीभ चावून पळाली.

आशाबाईने सगळे पीस माझ्या पाटावर एकावर एक ठेवले. तेवढ्यात गोवर्धन घरात आला. त्याने तो ढीग पाहिला आणि त्याला सगळं समजलं.

"फेक बाहेर!" तो ओरडला. "एकीचंही शिवू नको. बेइमान जात सारी! याच बायाईनं तुले उभी केली ना?"

"मत त्याइचं होतं. त्याईनं जिकडं टाकाचं तिकडं टाकलं," आशाबाई म्हणाली. "ब्लाऊज माह्या हातचं हाय. ते मी वाकडं काहून शिवू?"

म्हणाली खरी. पण कात्री चालवताना तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि डाळिंबी कापडावर गडद ठिपके पडत होते. मला तर वाटत होतं, सुई मोडावी. एकदा मोडलीच. आशाबाईने मुकाट्याने दुसरी बसवली. पंजाबरावांचं ते बोलणं मला आता कळलं. लय काम आलं खरंच.

जाईबाई दुपारी येत होती, स्टुलावर बसून हूक लावत होती. एकामागून एक डाळिंबी ब्लाऊज तिच्या मांडीवर यायचं. ती मान वर करायची नाही. आशाबाईला वाटलं, इतरांच्या वागण्याची हिला लाज वाटतेय. ती गेली की आशाबाई मला म्हणायची, होय, मलाच, "पाह्य, जाईचा पीस नाई आला. एक तरी खरी निंगाली." ते म्हणताना तिचा चेहरा इतक्या दिवसांनी उजळायचा. तेवढ्या एका आधारावर ती जेवायला लागली होती. आणि मी मनातल्या मनात माझ्या डोक्यावरच्या डागाला हात जोडत होते, की बाबा, एवढी एक शपथ खरी राहू दे.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वस्तीतल्या बाया निघाल्या. सगळ्या डाळिंबी. अंगात बसलेली ती ब्लाऊजं पाहून परक्या माणसाने कौतुकच केलं असतं. आशाबाई माझ्याजवळ बसून खिडकीतून पाहत होती. सगळ्यांच्या मागून, भिंतीच्या कडेकडेने, पदर घट्ट लपेटून एक बाई चालली होती. साडी डाळिंबी. पदराखालून ब्लाऊजची बाही दिसली, ती मोरपंखी.

ते ब्लाऊज मी विसरेन होय? तिच्या मुलीच्या लग्नातलं.

"जाई!" आशाबाईने हाक मारली.

जाईबाई थांबली. खिडकीशी आली.

"पंजाबरावची बायको आली होती व आशा," जाईबाई म्हणाली. "प्रचार संपल्यावर. घरोघरी गेली. हातात देली असती तं नाई म्हटलं असतं. तिनं ओटी भरली. तांदूळ, नारळ, वरून साडी. भरली ओटी कोनी वापस करते का? आन् ओटी घेऊन दुसरीकडं बटन दाबलं तं पाप नाई लागत?"

"आन् मशीनीवर हात ठेवला होता, त्याचं?"

जाईबाईने माझ्याकडे पाहिलं. "हे तं आपल्या घरचीच हाय," ती हळूच म्हणाली.

मला लोखंडाचं केलं हे त्या क्षणी बरं झालं. माणूस असते तर तिथल्या तिथे कोसळले असते. परक्याने भरलेली ओटी खरी आणि घरचीवर ठेवलेला हात खोटा! घरची म्हणजे जिला फसवलं तरी ती कुठे जात नाही, एवढाच का त्याचा अर्थ?

आशाबाई रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "रंग नाई जुळून रायला. पीस आणून देजो."

दुसऱ्या दिवशी दाराच्या कडीला एक पिशवी अडकवलेली होती. आणणारी दिसली नाही. आशाबाईने आतला डाळिंबी पीस काढला, माझ्या खणात ठेवला आणि खण लावून टाकला. जाईबाई त्यानंतर हूक लावायला आली नाही.

मग नळ गेला. आठवडा झाला, वर आणखी काही दिवस झाले, पाणी नाही. काल सकाळी बाया रिकामे गुंड घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या. कोणाकोणाच्या अंगात तीच ब्लाऊजं. पुढे चतुराबाई, सगळ्यात मागे जाईबाई.

"आशाबाई, चाल व नगरपरिषदेत. लेकरं खारं पाणी पिऊन रायले."

"पायलबाई हाय ना तुमची. तिले सांगा," आशाबाईने माझं पायडल थांबवलं नाही.

"ते पोरगी तोंड उघडत नाई. तिचे सासरे अकोल्याले गेले म्हणते. बोलाले तूच पाह्यजे. तुलेच बोलता येते."

मी म्हटलं, आता लाव दार. बोल चार शब्द, माझ्याही वतीने बोल. आशाबाईने धागा तोडला. उठून आत गेली आणि आपला गुंड घेऊन बाहेर आली. तिच्याही घरात खारंच पाणी होतं.

पण दाराशी थांबली. माझा खण उघडला, तो डाळिंबी पीस काढला, बायांमधून वाट काढत जाईबाईपाशी गेली आणि तिच्या हातात दिला.

"साऱ्याइचे शिवले जाई," ती म्हणाली. "हा एक माह्याच्यानं नाई शिवल्या जात. दुसरीकडं टाकजो."

आशाबाई पुढे चालू लागली आणि गुंड घेतलेल्या बाया तिच्यामागे. जाईबाई तो पीस छातीशी धरून थोडा वेळ तिथेच उभी होती. मग तीही गेली, सर्वांत शेवटी.

तेव्हापासून मी रिकामा खण घेऊन बसले आहे. माझं काही दुखत नाही, पट्टा नवा आहे, सुई धारदार आहे. वाचणाऱ्या आयाबायांनो, तुमच्याकडे एकच मागणं आहे. फाटलेलं आणा, उसवलेलं आणा, अंगाला न बसणारं आणा, मी रात्रंदिवस शिवीन. फक्त माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेऊ नका. घेतलीच तर आधी लक्षात ठेवा, की मी घरची आहे.

जाईबाईचं स्टूल अजून माझ्याशेजारीच आहे. आशाबाई केर काढताना ते उचलते, खालची जागा झाडते आणि पुन्हा तिथेच ठेवते. आता हूकसुद्धा तीच लावते.